पाव्हणीचा व्हिसा

भिलाईला केवढा कारखाना उभा राहतो आहे, हे आमच्या आमगावात सगळ्यांनी ऐकलं आहे. मी मात्र तो पाहायला गेलो नव्हतो. मी बहिणीला आणायला गेलो होतो.

माघात आमच्याकडे शंकरपट भरतो. बैलजोड्या धावतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं, आणि गावच्या लेकी माहेरी येतात. लेकीला आणायला घरच्या माणसाला जावं लागतं, त्याला आपण मुऱ्हाळी म्हणतो. आजवर हे काम काकांकडे होतं, कारण मी नागपूरला शिकत होतो. यंदा बी.ए. होऊन घरी आलो आणि नोकरीचे अर्ज टाकून रिकामा बसलो होतो. वडील शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाले, "तूच जा. नवी टोपी घालून जा. जवायाच्या घरी शोभलं पाह्यजे."

ही टोपी त्यांनी मला पदवी मिळाली त्या दिवसासाठी शिवली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हेडमास्तरांनी वडिलांची समजूत घातली नसती, तर आज मीही बाजारात बसून काजं करत असतो. म्हणून ती टोपी मी जपून वापरतो. तिची हकीकत पुढे येईल.

दरेकसाच्या बोगद्यापलीकडे

आमगाव सोडलं की सालेकसा, मग दरेकसाचा बोगदा. बोगद्यात डब्यातली लेकरं आनंदाने ओरडतात आणि धुरामुळे मोठी माणसं तोंडाला पदर-रुमाल लावतात. पलीकडे साग आणि मोहाचं तेच रान, तेच तांबडे बांध. काल-परवापर्यंत आपला आणि दुर्गचा प्रांत एकच होता. आता वाटण्या झाल्या, तेव्हा बोगद्यापलीकडे गेलं की आपण परप्रांतात. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. समोरच्या बाईने विचारलं ते एवढंच, "कहाँ जाबे, बाबू?" आणि उत्तर ऐकून पदरातले भाजलेले चणे माझ्या हातावर ठेवले. माझं परप्रांतात स्वागत झालं ते असं.

भिलाईच्या स्टेशनावर भाऊजी सायकल घेऊन उभे होते. ते कारखान्यात खलाशी आहेत. भिलाईत खलाशी म्हणजे नावाडी नव्हे. अजस्र लोखंडी तुकडे दोराने, साखळीने बांधून वर चढवणाऱ्याला तिथे खलाशी म्हणतात.

"या बी.ए.," ते म्हणाले. "सामान कॅरिअरवर बांधा आन् तुमी डंडीवर बसा."

"डंडीवर? लोक काय म्हणतील?"

"इथं लोक कोन आहेत तुमाले ओळखाले? बसा मुकाट्यानं."

आणि असा मी, नवी टोपी सावरत, सायकलच्या नळीवर बसून भिलाईत प्रवेश केला. वाटेत एवढ्या सायकली दिसल्या की तेवढ्या नागपूरच्या सीताबर्डीवरही कधी दिसल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं, आणि त्या शेतांच्या कडेला एकदम आभाळात घुसलेल्या कारखान्याच्या चिमण्या, क्रेन, लोखंडाचे मचाण. मुरुमाची लाल धूळ सगळ्यांवर सारखी बसते. पंजाबी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगढी, कोण कुठला ते माणूस बोलायला लागल्यावरच कळतं.

कॅम्प

बाईचं घर कामगारांच्या कॅम्पातल्या चाळीत आहे. (थोरल्या बहिणीला मी बाई म्हणतो. तिचं नाव शेवंता.) एक खोली, पुढे ओसरी, मागे चूल. दारात तिने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि लगेच सुरू झाली.

"बाबाचं कंबरडं कसं आहे? पटाले मामाची जोडी येऊन रायली का? आन् तू एवढा वाळला कावून रे, बापू? नागपुरात जेवन देत नव्हते का तुले?"

एकाचंही उत्तर न ऐकता तिने ताट वाढलं. भात, तिखट रस्सा आणि त्यात पाटोड्या. बेसनाच्या या वड्या तिच्यासारख्या कुणालाच जमत नाहीत.

आपण पटाच्या आधी चार दिवस निघायचं, असं ठरलं. तोवर भिलाई पाहायची. आणि त्या संध्याकाळीच भिलाईतली सर्वांत नवलाची गोष्ट आपणहून घरी आली.

भाऊजींच्या टोळीचा वरचा माणूस रशियन आहे. त्याचं नाव विक्तर. उंच, लाल कानांचा, हातावर वंगणाचे न निघणारे डाग. कामावर त्याला हिंदीतले थोडेच शब्द लागतात: चलो, रुको, जल्दी आणि शाबाश. या चार शब्दांवर तो आणि भाऊजी मिळून लोखंड गाळायची पहिली भट्टी बांधत आहेत, आणि भाऊजी म्हणतात की पाचव्या शब्दाची अजून गरज पडली नाही. विक्तरबरोबर त्याची बायको होती, लीदा. ठेंगणी, डोक्याला लाल फुलांचा रुमाल बांधलेली. ती आली ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली आणि तिने बाईच्या हातातून पाटोड्यांचं पातेलं घेऊन वास घेतला. बाईने रस्सा वाढला. लीदाने एक घोट घेतला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिने वाटी पुन्हा पुढे केली.

"हे आपल्यातली होये," बाईने जाहीर केलं.

लीदा तिकडे शाळेत शिकवते. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच पुस्तकातून आलेलं, म्हणून आमचं चांगलं जुळलं. दोघंही सावकाश, एकेक शब्द मांडत बोलायचो, आणि चूक झाली तर दोघांनाही कळत नसे. तिने जे सांगितलं, त्यावर या सगळ्या प्रवासाची कथा उभी आहे.

विक्तर भट्ट्या बांधतो. एक झाली की दुसऱ्या गावी. लग्न झाल्यापासून दोघं एकत्र राहिले ते तुकड्या-तुकड्यांनी. "त्यानं बांधलेली एकही भट्टी पेटताना मी पाहिलेली नाही," ती म्हणाली. "तो पत्रात लिहितो, आज पेटवली. मी पत्र वाचते, तोवर तो पुढच्या गावी गेलेला असतो." यंदा शाळेतून रजा मिळाली, म्हणून ती एवढी दूर आली. पण भट्टीचा दिवस पुढे ढकलला गेला आणि तिचा व्हिसा त्याआधीच संपत होता.

व्हिसा हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. तो एखाद्या माणसाच्या गळ्याशी आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

गालफुगीचा दुभाषी

दुसऱ्या दिवशी भाऊजी मला त्यांच्या दुभाष्याकडे घेऊन गेले. तिवारी नावाचा हा हसरा गृहस्थ रशियन, हिंदी आणि इंग्रजी सारख्याच वेगाने बोलतो, असं मी ऐकलं होतं. पण त्याला नेमकी गालफुगी झाली होती! दोन्ही गाल सुजलेले, डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं. तीन भाषांचा मालक खाटेवर पडून हातवारे करत होता.

लीदाची मुदत वाढवायला वरून मंजुरी आली आहे, पण जुनी मुदत संपायच्या आत पासपोर्ट घेऊन तिने स्वतः दुर्गच्या कचेरीत हजर व्हायला हवं, एवढं त्याने मोठ्या कष्टाने सांगितलं. विक्तरला भट्टी सोडता येत नाही. तिवारी तोंड उघडू शकत नाही. तेव्हा भाऊजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "माहा साळा बी.ए. आहे."

आयुष्यात पदवीचा पहिला उपयोग असा झाला.

मग तिवारीने मला फडक्यातून धडा दिला. परदेशी माणूस येतो, तो कशासाठी येतो यावरून त्याच्या परवानगीचा प्रकार ठरतो. विक्तर कामाच्या करारावर आलेला, म्हणून काम संपेतो राहील. कोणी शिकायला आला, तर शिक्षण संपेतो, पण त्याने नोकरी धरायची नाही. कोणी नुसता वाटेत थांबला, तर पुढची गाडी किंवा बोट मिळेतो. आणि लीदासारखी भेटायला आलेली, ती थोड्या दिवसांची. तिने काम करायचं नाही आणि मुदत संपली की निघायचं, किंवा मुदत वाढवून घ्यायची. आपली जी मुलं भट्टीचं काम शिकायला रशियाला गेली आहेत, त्यांनाही तिकडे हेच नियम.

घरी येऊन मी हे बाईला समजावून दिलं. तिला विषय कळावा म्हणून गावचे दाखले दिले. विक्तर म्हणजे सालदार, सालभराच्या बोलीवर आलेला. शिकायला येणारा म्हणजे मामाकडे शाळेसाठी ठेवलेला भाचा. वाटेतला म्हणजे ओसरीवर पाणी पिऊन पुढे जाणारा. आणि लीदा म्हणजे पाहुणी. हे दाखले मला स्वतःला फार आवडले.

बाई तांदूळ निवडत ऐकत होती. "सालदाराचं समजलं," ती म्हणाली. "भाच्याचंबी समजलं. पन पाव्हण्याले कोनी तारीख देते का रे? पाव्हणा का दुधाचा रतीब आहे, अमक्या दिवशी बंद?"

"नियम आहे, बाई. मुदत संपली की जावं लागतं. म्हणून परवा जेवण झालं की तिला दुर्गला न्यायचं आहे."

"दुर्गाले," बाई म्हणाली आणि पुन्हा तांदळातले खडे शोधू लागली. दुर्गला मोठं स्टेशन आहे, लांबच्या गाड्या तिथे थांबतात, हे तिच्या मनात आलं असेल हे मला सुचलंच नाही.

पिशवी

ठरल्या दिवशी लीदा आमच्याकडे जेवायला आली. कारखान्याची जीप जेवणानंतर येणार होती. तिने खांद्याची कातडी पिशवी खुंटीला अडकवली, पाटावर मांडी घालून बसली आणि भात हाताने कालवून खाल्ला. शेवटी ताटात पाणी घालून हात धुण्याची आपली रीत तिला इतकी आवडली की तिने ती दोनदा केली. मग बाईने तिला मागे नेऊन अंगणातली वांग्यांची झाडं दाखवायला शेजारणीच्या ताब्यात दिलं. शेजारीण तेलुगू, पाहुणी रशियन. पण वांग्यांबद्दल त्या बराच वेळ बोलल्या.

बाहेर जीपचा भोंगा वाजला. लीदा आत आली, खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

आम्ही खाटेखाली पाहिलं, ओसरीत पाहिलं, चुलीमागे पाहिलं. लीदाचा चेहरा पांढरा पडला. "पासपोर्ट त्यातच आहे," ती एवढंच म्हणाली.

बाई शांतपणे भांडी घासत होती. इतकी शांत, की माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याकडे आवडता पाहुणा जायला निघाला की काय करतात? त्याची पिशवी लपवतात! माझी स्वतःची पिशवी मावशीने किती वेळा गाईच्या गोठ्यात दडवली आहे.

"बाई, पिशवी दे."

"कोनती पिशवी?"

"बाई, हे थट्टेचं नाही. मुदत आज संपते, दुर्गला गेलो नाही तर घोटाळा होईल."

"सारेच पाव्हणे असंच म्हन्तात, आजच जा लागते. आजच्या दिवस राय म्हन तिले. सकाळी पिशवी देईन, वरतून दशम्या बांधून देईन."

"उद्या सुटी आहे, कचेरी बंद!"

"मंग तं बरंच झालं. परवा जाईल."

"अगं, कायद्याचं आहे हे!"

"तू बी.ए. झाला बापा, पन पाव्हण्याले ठेवून घ्यायचं मले नको शिकवू."

बाहेर जीपवाला एकसारखा भोंगा वाजवत होता. मी घामाघूम होऊन लीदाला इंग्रजीत सगळं सांगितलं: ही चोरी नव्हे, ही आमची रीत आहे, तुम्ही जाऊ नये असं हिला वाटतं. मला वाटलं, ती रागावेल किंवा रडेल. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग बाईकडे, आणि मग खाली बसून राखेने भरलेले बाईचे दोन्ही हात तिने धरले.

"तिला सांगा," ती मला म्हणाली, "मी जाते आहे ती इथे राहता यावं म्हणून. आज गेले नाही, तर मला खरंच जावं लागेल."

मी ते मराठीत सांगितलं. बाईने भांडं खाली ठेवलं.

"दुर्गाहून गाडीत नाही बसनार?"

"नाही बाई. शिक्का मारून परत."

"संध्याकाळी इथं चहाले येईल?"

"येईल."

"मंग काही ठेवून जा म्हन. ठेवलेल्या वस्तूसाठी तरी मानूस वापस येते."

लीदाने क्षणभर विचार केला. मग डोक्याचा लाल फुलांचा रुमाल सोडला, घडी केली आणि बाईच्या मांडीवर ठेवला. बाई उठली, आणि तांदळाच्या पिपात कोपरापर्यंत हात घालून तिने ती पिशवी बाहेर काढली.

दुर्ग

दुर्गच्या वाटेवर धानाच्या बैलगाड्यांची रांग होती. जीपवाला भोंगा वाजवी, गाडीवान मागे पाहून हसत आणि बैल आपल्याच चालीने चालत. पुढे रेल्वेचं फाटक बंद. लीदा पिशवी छातीशी धरून मालगाडीचे डबे जाताना पाहत होती. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो आणि दर वाक्यात अडखळत होतो.

कचेरीत पोहोचलो, तेव्हा साहेब टोपी घालून उठलेच होते. उत्तरेकडचे, भरघोस मिशांचे गृहस्थ. "ये कोई आने का टाइम है?" ते म्हणाले, पण लीदाकडे पाहून पुन्हा बसले. तिने पासपोर्ट पुढे केला. त्यांनी तो उघडला, आणि पानापानांतून तांदूळ टेबलावर सांडले.

साहेबांनी तांदळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये क्या है?"

माझं तयार केलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं. मी मोडक्या हिंदीत, घडलं ते तसंच सांगितलं: पाहुणी, पाटोड्या, पीप, माझी बहीण. सांगताना माझ्या लक्षात आलं की सरकारी कचेरीत कुणाच्या उशिराचं असं कारण आजवर नोंदलं गेलं नसेल. साहेब मिशांतून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसायला सुरुवात केली.

"हमारे यहाँ जूते छिपाते हैं," ते म्हणाले. "मेरी बुआ ने मेरे पिताजी के जूते कुएँ में लटका दिये थे."

मग मात्र ते गंभीर झाले. कागद नीट वाचले, लीदाला चार प्रश्न विचारले, तिची सही घेतली. पाहुणी म्हणूनच राहायचं, काम धरायचं नाही, राहण्याची जागा बदलली तर कळवायचं, हे त्यांनी मला तिच्यापर्यंत पोहोचवायला लावलं. आणि शिक्का मारला. त्या आवाजाने लीदा दचकली आणि मग हसली. ती दुपारपासून पहिल्यांदाच हसत होती. निघताना साहेबांनी टेबलावरचे तांदूळ तळहातावर गोळा करून तिच्या पिशवीत परत टाकले. "शगुन है," म्हणाले.

संध्याकाळी ती ठरल्याप्रमाणे बाईकडे चहाला आली. बाईने चहा दिला, पण रुमाल दिला नाही. "वापस देला तं हे गेली समजा," ती मला हळूच म्हणाली. लीदानेही मागितला नाही.

टोपी

मग आमचे दिवस मजेत गेले. विक्तरच्या घरी चहा झाला. तिकडे दूध घालत नाहीत, बिनदुधाच्या चहाबरोबर चमच्याने मुरंबा खातात. भाऊजींनी तो सगळा मुरंबा चहात ढवळला आणि प्यायले, आणि विक्तर म्हणाला, "शाबाश!" पावर हाउस भागातल्या बाजारात बाईने माहेरच्यांसाठी बांगड्या घेतल्या. रिसालीच्या शेतांतून चालताना पुन्हा तोच कारखाना दिसला. तुम्ही कुठेही जा, तो मान वर करून पाहतच असतो.

आमचा निघायचा दिवस उजाडला. भट्टी दुसऱ्या दिवशी पेटणार होती. मला ती पाहायची फार इच्छा होती, पण वडिलांना दिवस कळवला होता. लीदा निरोप द्यायला आली. पाया पडणं झालं, ओटी भरणं झालं, लीदाचीसुद्धा बाईने खणानारळाने ओटी भरली. भाऊजींनी सायकल काढली, आणि मी माझी पिशवी घ्यायला खोलीत गेलो.

पिशवी नव्हती.

"बाई!"

"मी नाई रे बापू, देवाशपथ. मीच तं जाऊन रायली तुह्यासंगं, मी कायले लपवू?"

भाऊजींनी हात वर केले. मी लीदाकडे पाहिलं. ती पाटावर मांडी घालून बसली होती आणि निवडलेल्या तांदळातले खडे शोधत होती. चेहरा इतका शांत, जसा त्या दिवशी बाईचा होता.

"कोन्ती पिश्वी?" ती मराठीत म्हणाली.

बाई हसता हसता भिंतीला टेकली. भाऊजी सायकलीसकट खाली बसले. लीदा उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि बाईकडून शिकलेला एकच शब्द म्हणाली, "राय." मग इंग्रजीत, सावकाश: "उद्या विक्तरची भट्टी. तुम्ही मला इथे ठेवलंत. आता मी तुम्हाला ठेवते."

मी वडिलांना तार केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामगारांच्या घरच्या मंडळींबरोबर दूर उभे राहिलो. भट्टी पेटली तेव्हा आम्हाला दिसला तो फक्त धूर आणि ऐकू आला तो माणसांचा प्रचंड ओरडा. विक्तर नि भाऊजी कुठे वर, मुंगीएवढे. मग ते धावत खाली आले, काळे झालेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. लीदा हात न हलवता उभी होती. मी तिला विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "पत्रात तो नीट लिहीत नाही." आणि गालावरून हात फिरवला. बाईने तिला जवळ ओढलं आणि पदराने तिचं नाक पुसलं.

निघताना लीदाने माझी पिशवी आणून दिली, पण हात पुढेच ठेवला. मला कळेना. बाई म्हणाली, "काही ठेवून जा म्हनते ते." माझ्याजवळ द्यावं असं काय होतं? मी टोपी काढून दिली. तिने ती नीट पाहिली, आतल्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ती आपल्या पिशवीत ठेवली.

आमगावच्या स्टेशनावर वडिलांनी आधी बाईकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या डोक्याकडे. मी सगळं सांगितलं. वाटलं, नाराज होतील. ते म्हणाले, "तिथल्या थंडीत पातळ पडंल ते. अस्तर लावून शिवली असती."

पट झाला, मामाची जोडी दुसरी आली, बाई भिलाईला परत गेली. तिकडून तिने कळवलं की लीदा आपली वाढलेली मुदत पुरी करून गेली, आणि बाईने रुमाल दिला नाही. तो तिच्या पेटीत आहे, म्हणजे लीदाचं येणं बाकी आहे. माझी टोपी तिकडे कुठल्याशा गावी खुंटीवर असेल, म्हणजे माझं जाणंही बाकी आहे. कामाच्या करारावर मला कोण नेणार, आणि शिकायला बोलावण्याइतके गुण नाहीत. पण चौथा प्रकार, पाहुण्याचा, उरतोच. तिथल्या कचेरीत साहेबाने विचारलं, की कशासाठी आलात, तर सांगीन: टोपी राहिली होती, घ्यायला आलो.